ओळख पुसलेला प्रसंग

१

माझा भाऊ जिन्याच्या पायथ्याशी पडलेला सापडला तेव्हा त्याच्या हातात फोन होता, आणि फोनवर त्याच्याच खुनाची हकीकत उघडी होती.

तो मेला नव्हता. कपाळाला टेंगूळ, दंडावर काळानिळा डाग आणि ओठांवर रक्त, एवढ्यावर निभावलं होतं. पण शुद्धीवर आल्या आल्या त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "अक्का, हिच्या हातचं मला काही देऊ नकोस."

ही म्हणजे माझी वहिनी. ती पाण्याचा पेला घेऊन त्याच्या पायाशीच उभी होती. तिनं पेला फरशीवर ठेवला आणि आत निघून गेली.

भावाला मी मास्तर म्हणते. धर्मसेवक घडवणाऱ्या एका लहानशा विद्यालयात तो ख्रिस्ती नीतिशास्त्र शिकवतो. पाप कशाला म्हणावं, क्षमा कुठवर करावी, खरं बोलून कुणाचं घर मोडणार असेल तर बोलावं का, असले प्रश्न. मी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करत असे. वेळेवर जळालेली दुकानं आणि त्याहून वेळेवर मेलेले नवरे, यांच्यात माझी सगळी नोकरी गेली. पाप कशाला म्हणावं हे मला कुणी कधी विचारलं नाही. कुणी केलं, एवढंच विचारत.

फोनवर उघडा होता तो मास्तरच्या वर्गाचा ब्लॉग. वह्यांत निबंध लिहून पोरं एकमेकांचं ऐकत नाहीत, म्हणून त्यानं यंदा ही टूम काढली होती. वर्गानं मिळून लिहायचं, एकाच खात्यावरून, आणि खाली नाव एकच: 'आम्ही'. आठवड्याला एक प्रसंग, त्यावर एक मत आणि मग प्रतिक्रिया. त्या आठवड्याचा प्रसंग असा होता:

"एक शिक्षक आहे. त्याची पत्नी त्याला रोज संध्याकाळी दुधातून थोडं थोडं विष देते. त्याच्या हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळे डाग उठतात. लोक म्हणतात, वय झालं. पत्नीला वाटतं, कुणाला काही कळलेलं नाही. पण एकाला कळलं आहे. ज्याला कळलं, त्यानं काय करावं?"

मी भावाच्या ओठांवरचं रक्त पुसलं. ते हिरडीतून येत होतं.

२

वहिनी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. गॅसवर दुधाचं पातेलं तसंच होतं, साय धरलेलं.

खरं सांगायचं तर आमचं कधी फारसं जमलं नाही. मला तिचं मोजूनमापून बोलणं आवडत नाही, तिला माझं तोंड. तिला दम्याचा त्रास म्हणून मी महिनाभर मदतीला राहायला आले होते, एवढंच.

"वन्सं, तुमचा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?"

"माझ्या नोकरीत जवळचाच माणूस निघायचा, वहिनी. बहुतेक वेळा."

मी ते बोलायला नको होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण तिनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "मी दूध घेऊन वर गेले," ती म्हणाली. "त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. वन्सं, इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मागे मागे सरकत गेले आणि पायरी चुकली."

"हिरड्यांतून रक्त कधीपासून येतंय?"

"ते वाचल्यापासून. सारखे दात घासतात. आरशासमोर तोंड उघडून उभे राहतात. दोन दिवस पोटात अन्न नाही."

"आणि ते डाग?"

"डाग आत्ता पडल्यावर उठले."

दाव्यांच्या खात्यात नवा माणूस आला की पहिला धडा हाच असे: आधी आग की आधी पॉलिसी? इथे आधी मजकूर आला होता आणि दुखणं मागून. ते मला खटकलं. पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे. ज्याला विष द्यायचं आहे तो माणूस आधी गावभर लिहीत सुटणार नाही, हे खरं. मात्र ज्याला ते कळलंय तो लिहील. आणि लिहिणारा त्या वर्गातच होता.

डॉक्टरांनी मास्तरचं रक्त तपासायला नेलं. अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणार होता. तोवर त्याच्यासाठी पाणी मीच आणत होते, आणि प्रत्येक वेळी पेला खाली ठेवताना मला वहिनीची नजर पाठीवर जाणवत होती. तिनं मला एकदाच विचारलं, "पोलिसांना सांगणार?"

"उद्यापर्यंत थांबते," मी म्हटलं.

३

सकाळी विद्यालयात गेले. मास्तरची खोली लांबट होती, भिंतीवर साधा लाकडी क्रूस, समोर पांढरा पडदा, आणि पडद्यावर अजून तोच प्रसंग दिसत होता. कुणाला प्रोजेक्टर बंद करायचं धाडस झालं नव्हतं. वर्गात विद्यार्थी चारच. त्यांतले तिघं आले होते. मास्तरची बहीण म्हणून ते मला आत्याबाई म्हणायचे.

पहिला छोटा पाद्री. हे त्याचं वर्गातलं टोपणनाव, कारण अजून दीक्षा व्हायची होती पण आवाज आधीच पाद्र्याचा झाला होता.

"मत मी लिहिलं, आत्याबाई. लपवायचं काय त्यात?" त्यानं ते मला म्हणूनच दाखवलं. "ज्याला कळलं त्यानं आरोप करू नये. प्रेमानं सोसावं. करणाऱ्याचं मन वळेल याची वाट पाहावी."

"आणि वाट पाहता पाहता माणूस मेला तर?"

"प्रसंग आहे तो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. मग मला सगळी पद्धत सांगायला बसला, परीक्षेत विचारल्यासारखी. दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून कामं ठरतात. एक जण प्रसंग लिहितो, आयुष्यात पाहिलेला, खरा. तो नाव न घालता सामायिक खात्यात ठेवतो. दुसरा त्यातली ओळख पुसतो. तिसरा मत देतो. कुणाला कुठली चिठ्ठी आली ते कुणी कुणाला विचारायचं नाही. "सरांचा नियमच आहे: माणूस बदला, करणी बदलू नका. म्हणजे चहाडी होत नाही आणि चर्चा खरी होते. सर फार विचार करून नियम करतात."

"दिसतंच आहे," मी म्हटलं.

दुसरी नर्स. रात्रपाळी करून थेट आली होती, खुर्चीत बसली ती जवळजवळ आडवीच.

"मी सहमत लिहिलं, बस. तीन ओळी वाचल्या असतील. प्रतिक्रिया टाकली की हजेरी लागते."

"दुखणं वाचून काही वाटलं नाही? हिरड्या, डाग?"

ती सरळ झाली. पडद्याकडे बघत राहिली. "वॉर्डात कुणी असं सांगितलं असतं तर मी धावत सुटले असते," ती हळूच म्हणाली. "उंदराचं औषध पोटात गेलं की असंच होतं. रक्त गोठायचंच थांबतं. पण हे इथं होतं ना. इथे सगळे प्रसंगच असतात."

तिसरे चष्मेवाले, बाजारात चष्म्याचं दुकान असलेले, वर्गात वयानं सर्वांत मोठे. ते बसलेच नाहीत. स्वतःचा चष्मा काढून पुसत राहिले.

"मला काही विचारू नका, आत्याबाई. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"वर्गाला. जे हाती आलं ते मी पुढे दिलं." चष्मा नाकावर ठेवताना त्यांच्या हातून दोनदा घसरला. "मला वाटलं होतं प्रसंगच आहे. आता सर पडल्याचं ऐकलं आणि झोप उडाली माझी."

खाली पडद्यावर प्रतिक्रिया होत्या. सहमत. सहमत. आणि सगळ्यांत शेवटी, मास्तरनं मजकूर नीट वाचून घाबरण्याच्या आधी टाकलेली, त्याची स्वतःची: "उत्तम विवेचन." एका माणसाला मारलं जातंय असं लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला पास केलं होतं.

४

चौथी आली नव्हती. वर्ग तिला शिवणताई म्हणायचा. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं शिवणाचं दुकान होतं. खिडकीशी यंत्र, दोरीला अर्धे शिवलेले शाळेचे गणवेश, आणि यंत्रापाशी ती, पायांवर शाल घेऊन. तिचा धाकटा भाऊ शेजारी बसून तिला सुयांत दोरे ओवून देत होता.

"डोळे दमतात हिचे," तो म्हणाला. हसरा, मऊ बोलणारा माणूस. "आईबाप गेले तेव्हा मी एवढासा होतो. हिनंच वाढवलं. लग्न केलं नाही माझ्यापायी."

"काहीतरीच सांगतोस," ती म्हणाली, आणि हसताना तोंडावर रुमाल धरला.

तब्येत कशी आहे विचारलं, तर अशक्तपणा म्हणाली. वर्ष संपलं की दूरच्या एका अनाथाश्रमात कामाला जायचं ठरलं होतं, तिकडचं पत्रही आलं होतं, पण आता अंगात बळ नाही. "डॉक्टर काय म्हणतात?" या माझ्या प्रश्नाचं उत्तर भावानं दिलं. "आराम सांगितलाय. मी आहे ना! जाऊ दे तो आश्रम."

त्यानं मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. मला आमच्या मास्तरची आठवण झाली. त्यानं मला आयुष्यात कधी साधी सुई ओवून दिली नाही.

मी ब्लॉगचा विषय काढला. भाऊ चहा ठेवायला आत गेला.

"तुम्ही लिहिलात का तो प्रसंग?"

तिनं कापडाला टाका घालता घालता मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. सुई बोटात गेली. तिनं बोट शालीखाली घेतलं. उरलेल्यांपैकी तीन बोटांना आधीच पट्ट्या होत्या. इतकी वर्षं शिवणारी बाई इतकी टोचून घेते, याचं मला नवल वाटलं. मी ते आजारपणावर टाकलं.

"सगळ्यांनी चांगली उत्तरं लिहिली," ती म्हणाली. "पण ज्याला कळलं तो कोण, हे कुणी विचारलंच नाही."

"तुम्हाला माहीत आहे तो कोण?"

आतून कपांचा आवाज आला. तिनं दाराकडे पाहिलं, आणि मला तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. ती स्वतःसाठी नव्हती एवढं तेव्हाही मला कळलं. "आत्याबाई, आता तुम्ही जा," ती म्हणाली.

मी उठले तेव्हा शालीवर लाल डाग पसरत होता. एवढ्याशा टोचण्याचं रक्त अजून थांबलं नव्हतं.

५

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. मास्तरच्या रक्तात काहीही नव्हतं. "उपाशी आहेत, आणि दात जरा हळू घासायला सांगा," ते म्हणाले.

मी फोन ठेवला. मास्तरनं डोळे मिटून घेतले. वहिनी दारात उभी होती, तिच्याकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही.

"म्हणजे सगळी खोटी गोष्ट," वहिनी म्हणाली. "कुणीतरी रचलेली."

"माणूस खोटा," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच मला छोट्या पाद्र्यानं सांगितलेला नियम आठवला. "मास्तर, तुझा नियम काय आहे?"

त्यानं डोळे उघडले. "माणूस बदला, करणी..." आणि तो थांबला. "करणी खरी असते, अक्का. तीच बदलायची नाही."

"मग तू घाबरलास कशाला? शिक्षक लिहिलंय म्हणजे तो शिक्षक असूच शकत नाही! नियम तुझा, आणि तूच विसरलास?"

"त्यात पत्नी होती, दूध होतं... मला दुसरं काही दिसलंच नाही."

भीती वाटली की माणसाला जगात आपण एकटेच दिसतो. वर्गही विसरला होता, मीही ऐकून सोडून दिलं होतं. मी आता त्याला एकेक करून विचारलं. ओळख पुसताना काय काय बदलायचं? पुरुषाची बाई, बाईचा पुरुष. कामधंदा उलटा. नातं दुसरं. म्हणजे मरणारा पुरुष नव्हता, बाई होती. शिकवणारी नव्हती, शिकणारी असेल. देणारा पुरुष, आणि तो नवरा नव्हे.

वर्गात बाया दोन. नर्स इस्पितळाच्या वसतिगृहात राहते, खाते तिथल्या भोजनगृहात. राहिली एक. हसताना तोंडावर रुमाल धरणारी, जिच्या बोटाचं रक्त थांबत नव्हतं.

मी चष्मेवाल्यांना फोन लावला. "तुमचा शब्द तुमच्यापाशी ठेवा," मी म्हटलं. "मी बोलते, चुकलं तर सांगा. मूळ मजकुरात बहीण होती. आणि दूध देणारा भाऊ."

पलीकडे दुकानाचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हो," ते म्हणाले. "मला वाटलं नर्सबाईंनी इस्पितळात पाहिलेलं लिहिलं असेल."

"आणि ज्याला कळलं, तो कोण? शेजारी? डॉक्टर?"

"ती ओळख पुसायला म्हणून मी 'एकाला कळलं आहे' असं केलं, आत्याबाई." ते म्हणाले. "मूळ ओळ होती, 'बहिणीला कळलं आहे.'"

६

नर्सला इस्पितळाची गाडी घेऊन शिवणताईकडे यायला सांगितलं आणि मास्तरला कपडे घालायला लावले. तो नीट उभाही राहू शकत नव्हता. "तुलाच यावं लागेल," मी म्हटलं. "तिला सोसायला तुम्ही सांगितलंय." ऊन उतरलं होतं. मी रिकाम्या रस्त्यावर रिक्षावाल्याला दहादा घाई केली.

दार भावानं उघडलं. "या ना. ताईचं दूधच गरम करत होतो."

शिवणताई आता पलंगावर होती. सकाळच्या मानानं खूपच खाली गेली होती. बाही वर सरकली होती आणि कोपरापासून वरपर्यंत निळं पडलं होतं. उशाशी फोन होता. मास्तर पलंगाच्या काठाला धरून उभा राहिला.

"शिवणताई, ते उत्तर चूक आहे. मी मागे घेतो."

"कुणाचं उत्तर, सर?" तिचा आवाज अगदी बारीक होता. "खाली नाव 'आम्ही' आहे. मला वाटलं, सगळे मिळून सांगतायत म्हणजे बरोबर असेल. मी किती दिवस स्वतःशी भांडत होते. तुम्ही उत्तम म्हणालात तेव्हा शांत झाले."

"मी म्हणालो. माझं ते," मास्तर म्हणाला आणि रडायला लागला. "मी तुझं तोंड न बघता लिहिलं. मरू देणं म्हणजे क्षमा नव्हे गं. त्यालाही तू पापात ढकलतेयस."

भाऊ पेला घेऊन दारात आला होता. त्यानं किती ऐकलं कोण जाणे. चेहऱ्यावर तेच मऊ हसू होतं, फक्त ते हलत नव्हतं. मी त्याच्या आणि पलंगाच्या मध्ये उभी राहिले. जळालेली दुकानं तपासताना मी कधी घाबरले नाही, पण तिथे सगळं होऊन गेलेलं असे.

"तो पेला इकडे द्या," मी म्हटलं.

"कशाला? ताईचा आहे."

"त्यात काय आहे ते आम्हाला माहीत आहे."

"काय आहे?" तो म्हणाला. "दूध आहे. साखर आहे. ताई, काय म्हणतायत गं हे लोक?"

तेव्हा शिवणताई उठून बसली. कुठून बळ आलं कळलं नाही. माझ्या अंगावरून हात पुढे करून तिनं भावाच्या हातातला पेला घेतला. "काही नाही यात," ती आम्हाला म्हणाली. "माझा भाऊ आहे तो. उगाच त्याच्यावर बालंट आणू नका. हे बघा, मी पिते."

मास्तर ओरडला. मी हात घातला तो हवेतच राहिला. ती पेला ओठांशी नेताना आमच्याकडे बघत नव्हती, भावाकडे बघत होती. आणि त्या नजरेत त्याला कळलं की हिला सगळं माहीत आहे, कधीपासूनचं माहीत आहे, आणि तरी ही रोज प्यायली.

"ताई, नको!"

त्यानं पेल्यावर झडप घातली. दूध चादरीवर, गणवेशांवर, आम्हा सगळ्यांवर उडालं. तो जमिनीवर बसला आणि तिच्या पायांना मिठी मारून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "मारायचं नव्हतं गं. फक्त अशक्त राहावीस. तू जाणार होतीस. मी एकटा काय करू?"

"काय घातलंस? किती दिवस?" नर्स दारातूनच ओरडली. ती आत कधी आली ते मला कळलं नव्हतं. त्यानं फडताळाकडे बोट दाखवलं. पिठाच्या डब्यामागे उंदराच्या औषधाचं पाकीट होतं. नर्सनं ते उचललं, एकदा वाचलं आणि म्हणाली, "यावर उतारा आहे. वेळ घालवू नका."

गाडीपर्यंत तिला आम्ही चादरीतून नेलं. मागे चष्मेवाले येऊन पोचले होते, त्यांनी भावाला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि पोलिसांना फोन लावला. उंबऱ्यापाशी शिवणताईनं आम्हाला थांबवलं. तिचे ओठ रक्तानं लाल झाले होते. ती जगेल की नाही हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ती जगली, पण ते पुढचं. तिनं मान वळवून खोलीत बघितलं.

"जेवण झाकून ठेवलंय," ती भावाला म्हणाली. "जेवून घे."

"हो, ताई," तो म्हणाला.